कोणत्या कामाला कोणते यंत्र : मेनफ्रेममधील वाटपाची व्यवस्था

मेनफ्रेम संगणकावर सोपवलेल्या कामाला जॉब म्हणतात आणि त्या जॉबचे एकापाठोपाठ चालणारे टप्पे म्हणजे स्टेप. प्रत्येक स्टेपमध्ये एक प्रोग्राम चालतो. त्याला वाचायला माहिती लागते, निकाल लिहायला जागा लागते, मधल्या कच्च्या कामासाठी तात्पुरती फाइल लागते. ही माहिती कुठल्या तरी डिस्कवर किंवा चुंबकीय टेपवर असते, छापील निकाल प्रिंटरवर जायचा असतो. त्याच वेळी त्याच संगणकावर आणखी शेकडो जॉब चालू असतात आणि त्यांनाही हीच यंत्रे हवी असतात. कोणते यंत्र कोणाला द्यायचे, एकट्याला द्यायचे की वाटून, आणि ते परत कधी घ्यायचे, हे ठरवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या भागाला अ‍ॅलोकेशन म्हणतात. आयबीएमच्या झेड-ओएस या आजच्या प्रणालीतही हा भाग १९६० च्या दशकात घातलेल्या पायावर उभा आहे.

त्या पायाचे मुख्य तत्त्व एका वाक्यात सांगता येते: आपण कोणत्या यंत्रावर वाचतो-लिहितो आहोत हे प्रोग्रामला माहीत नसावे. पूर्वी तसे नव्हते. १९५९ साली आलेल्या आयबीएम १४०१ सारख्या संगणकांवर कोणत्या क्रमांकाच्या टेप ड्राइव्हवरून वाचायचे ते प्रोग्रामच्या सूचनेतच लिहिलेले असे. एका वेळी एकच प्रोग्राम चालत असल्यामुळे त्यात फारशी अडचण नव्हती. सगळी यंत्रे त्या एकट्याचीच असत. पण ड्राइव्ह बिघडला किंवा टेपऐवजी डिस्क घ्यायचे ठरले, की प्रोग्रामला हात लावावा लागे.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० या संगणक-कुटुंबाची घोषणा केली. लहान-मोठ्या सर्व मॉडेलांवर तेच प्रोग्राम चालावेत ही त्यामागची प्रतिज्ञा होती. प्रत्येक ग्राहकाकडची यंत्रे वेगळी असणार, तेव्हा प्रोग्राम आणि यंत्र यांची गाठ प्रोग्राम लिहितानाच बांधून चालणार नव्हते. म्हणून ओएस/३६० मध्ये ही गाठ तीन ठिकाणी विभागली गेली. प्रोग्राममध्ये फाइलचे फक्त एक छोटे नाव असते, जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. त्याला डीडी नाव म्हणतात. कोबोलमधल्या सिलेक्ट या वाक्यात जे नाव येते ते हेच. दुसऱ्या ठिकाणी, जॉबसोबत दिलेल्या जेसीएल या भाषेतल्या सूचनांमध्ये, त्याच नावाचे एक डीडी स्टेटमेंट असते आणि त्यात खऱ्या फाइलचे नाव, ती नवी की जुनी, कोणत्या प्रकारच्या यंत्रावर हवी, किती जागा लागेल हे सांगितलेले असते. प्रत्यक्ष यंत्र मात्र तिसऱ्या ठिकाणी ठरते: स्टेप सुरू होण्याच्या क्षणी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातून. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत बसून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बँकांचे रात्रीचे जॉब सांभाळणाऱ्यांचा जेसीएलशी रोजचा संबंध असतो. त्या प्रत्येक डीडी ओळीमागे वाटपाचा एक निर्णय घडत असतो.

निर्णय घ्यायचा तर आपल्याकडे काय काय आहे हे प्रणालीला आधी ठाऊक हवे. त्यासाठी प्रत्येक यंत्रामागे मुख्य स्मृतीत माहितीचा एक छोटा ठोकळा ठेवलेला असतो. त्याचे नाव यूनिट कंट्रोल ब्लॉक, बोलण्यात यूसीबी. यंत्राचा क्रमांक, त्याचा प्रकार, ते सध्या ऑनलाइन आहे की नाही, कोणाला दिलेले आहे का, त्यावर कोणता व्हॉल्यूम चढवलेला आहे, हे सारे यूसीबीत नोंदलेले असते. यूसीबी नसलेले यंत्र केबलने जोडलेले असले तरी प्रणालीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. ओएस/३६० च्या काळात ही यंत्रांची यादी बदलायची तर सिसजेन नावाची लांबलचक प्रक्रिया करून ऑपरेटिंग सिस्टिमची नवी प्रतच तयार करावी लागे. आता एचसीडी नावाच्या साधनातून यंत्रांचे वर्णन एका फाइलमध्ये भरतात, प्रणाली सुरू होताना त्यातून यूसीबी तयार होतात, आणि पुढचे बरेच बदल संगणक चालू असतानाच एका आज्ञेने लागू करता येतात.

यंत्राच्या क्रमांकाचाही अर्थ काळाबरोबर बदलला. ३६० वर हा क्रमांक तीन षोडशमान अंकांचा असे आणि तो खरोखरच पत्ता होता: पहिला अंक चॅनेलचा, पुढचे दोन त्या चॅनेलवरच्या कंट्रोल यूनिटचे आणि यंत्राचे. चॅनेल म्हणजे वाचन-लेखनाचे काम मुख्य प्रोसेसरच्या अंगावरून काढून घेणारा स्वतंत्र घटक. पत्त्यात वाट अशी कोरलेली असली की ती वाट व्यस्त झाल्यावर पर्याय शोधण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमवर येई. १९८० च्या दशकात आलेल्या ३७०-एक्सए रचनेने हे बदलले. क्रमांक चार अंकी झाला आणि तो केवळ ओळखीपुरता उरला. एका यंत्रापर्यंत जास्तीत जास्त आठ वाटा असू शकतात आणि त्यांतली मोकळी वाट निवडण्याचे काम चॅनेल सबसिस्टिम हे हार्डवेअरच करते. तेव्हापासून वाटपाला वाटेची चिंता उरलेली नाही. त्याने यंत्र ठरवावे, तिथपर्यंत पोचण्याचे दुसरे कोणी बघेल.

जॉब यंत्र मागतो ते तीन प्रकारे. पहिला प्रकार म्हणजे नेमका क्रमांक देणे: मला ०५८० हेच यंत्र हवे. दुसरा म्हणजे यंत्राचा प्रकार सांगणे: ३३९० जातीची कोणतीही डिस्क, ३४८० जातीचा कोणताही टेप ड्राइव्ह. याला जेनेरिक नाव म्हणतात आणि ती नावे आयबीएमने ठरवलेली असतात. तिसरा प्रकार म्हणजे त्या त्या संगणककेंद्राने स्वतः ठेवलेले गटाचे नाव, ज्याला एसोटेरिक म्हणतात. सिसडीए हे त्यांतले सर्वांत परिचित. डिस्कच्या गटाला बहुतेक ठिकाणी हेच नाव दिलेले असते. टेप किंवा कार्ट ही नावेही अनेक ठिकाणी सापडतात. कोणत्या नावात कोणती यंत्रे मोडतात याचा तक्ता प्रणालीकडे असतो, त्याला एलिजिबल डिव्हाइस टेबल म्हणतात. एका गटनावात एकापेक्षा अधिक प्रकारची यंत्रे असली तर कोणता प्रकार आधी बघायचा याचा क्रमही ठरवून ठेवलेला असतो.

या तीनांपैकी पहिला प्रकार शक्यतो टाळावा हेच योग्य. नेमका क्रमांक मागणारा जॉब, बाजूला तसेच दहा ड्राइव्ह मोकळे असले तरी, त्या एका ड्राइव्हसाठी अडून राहतो. गटाचे नाव वापरणाऱ्या जॉबला मात्र यंत्रे बदलली तरी काही करावे लागत नाही. संगणककेंद्राने तक्ता बदलला की पुरते. फाइल आधीच कॅटलॉगमध्ये नोंदलेली असेल तर यंत्राचा उल्लेखही लागत नाही. ती कोणत्या व्हॉल्यूमवर आणि कोणत्या प्रकारच्या यंत्रावर आहे हे कॅटलॉगच सांगतो, जेसीएलमध्ये फक्त नाव आणि ती कशी हवी एवढे लिहावे लागते.

व्हॉल्यूम आणि यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे लक्षात घेतले नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही. व्हॉल्यूम म्हणजे ज्यावर माहिती लिहिली जाते ते माध्यम: टेपचे रीळ, टेपची कार्ट्रिज, डिस्कचा संच. यंत्र म्हणजे ते माध्यम फिरवणारा, वाचणारा ड्राइव्ह. आज डिस्कच्या बाबतीत हा फरक जाणवत नाही, पण १९६० च्या दशकात डिस्कही ड्राइव्हमधून उचलून काढता येत असे. २३११ या ड्राइव्हवरचा डिस्कपॅक सुमारे ७.२५ दशलक्ष बाइटचा होता आणि ऑपरेटर तो काढून दुसरा बसवत. सहा अक्षरी अनुक्रमांक, म्हणजे व्हॉल्यूम सिरियल, ही माध्यमाची ओळख; यंत्राचा क्रमांक ही ड्राइव्हची. एकच टेप आज एका ड्राइव्हवर तर उद्या दुसऱ्यावर असू शकते. त्यामुळे वाटपाचे काम दुहेरी होते: हवा तो व्हॉल्यूम शोधायचा आणि तो चढवायला योग्य यंत्र ठरवायचे.

व्हॉल्यूमलाही गुणधर्म चिकटवलेले असतात. जो कधीच उतरवता येत नाही तो कायम निवासी. जो उतरवता येतो पण उतरवायचा नाही असे ठरवले आहे तो राखीव. बाकीचे काढता-घालता येणारे. शिवाय वापराच्या दृष्टीने तो खासगी की सार्वजनिक, की नव्या फाइलींच्या साठ्यासाठी खुला, अशीही वर्गवारी असते. तात्पुरती फाइल व्हॉल्यूमचे नाव न घेता मागितली तर प्रणाली ती सार्वजनिक किंवा साठ्याच्या व्हॉल्यूमवर टाकते. खासगी व्हॉल्यूमवर त्याचे नाव घेतल्याशिवाय कोणालाही जागा मिळत नाही. डिस्कचा व्हॉल्यूम अनेक जॉब एकाच वेळी वापरू शकतात, कारण डिस्कवरच्या कोणत्याही जागी थेट जाता येते. टेप मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने वाचावी लागते. दोन जॉबनी एकच टेप मध्ये मध्ये पुढे-मागे फिरवणे शक्य नाही, म्हणून टेप ड्राइव्ह एका वेळी एकाच जॉबला मिळतो. वाटपातली बहुतेक भांडणे टेपवरून झाली त्याचे कारण हेच.

आता एका जॉबचा प्रवास. जेईएस नावाचा घटक जॉब स्वीकारतो, त्याचे जेसीएल तपासतो आणि त्याला रांगेत ठेवतो. इनिशिएटर नावाचे कार्यक्रम या रांगेकडे लक्ष ठेवून असतात. प्रत्येक इनिशिएटर ठरावीक वर्गातला जॉब उचलतो आणि तो संपेपर्यंत त्याला सांभाळतो. जॉब हाती येताच इनिशिएटर पहिली गोष्ट करतो ती यंत्राबाबत नसून फाइलींच्या नावांबाबत असते. संपूर्ण जॉबमध्ये, सगळ्या स्टेप मिळून, ज्या ज्या कायम फाइलींचा उल्लेख आहे त्या सर्वांच्या नावांवर तो एकत्रच हक्क मागतो. जेसीएलमध्ये डिस्पोझिशन शेअर असे लिहिले असेल तर हक्क सामायिक असतो, अनेक जॉब ती फाइल एकाच वेळी वाचू शकतात. ओल्ड, न्यू किंवा मॉड लिहिले असेल तर हक्क एकट्याचा. एखादे नाव दुसऱ्या जॉबकडे अडकले असेल तर हा जॉब पहिली स्टेपही सुरू न करता थांबतो आणि कन्सोलवर तसा संदेश येतो. ज्या स्टेपमध्ये फाइलीचा शेवटचा उल्लेख आहे ती संपली की त्या नावावरचा हक्क सुटतो.

यंत्रे त्यानंतर, आणि ती स्टेपगणिक दिली जातात. स्टेपच्या सगळ्या डीडी विनंत्या एकत्र घेतल्या जातात. ज्यांना यंत्रच लागत नाही त्या आधी बाजूला निघतात: डमी म्हणून दाखवलेल्या फाइली, जेईएसकडे जाणारा छापील निकाल, आणि व्हीआयओ. व्हीआयओ ही सोय झेड-ओएसची पूर्वज असलेल्या एमव्हीएस या प्रणालीबरोबर आली. त्यात तात्पुरती फाइल डिस्कवर आहे असा प्रोग्रामचा समज होतो, प्रत्यक्षात ती आभासी स्मृतीच्या पानांमध्ये ठेवलेली असते आणि स्टेपला कोणतीही डिस्क द्यावी लागत नाही. प्रोग्रामला यंत्र माहीत नसावे या तत्त्वाचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्यापुढच्या सोप्या विनंत्या म्हणजे कायम निवासी किंवा राखीव डिस्कवर असलेल्या फाइली. तिथे निवडीचा प्रश्न नसतो. व्हॉल्यूम ज्या यंत्रावर आहे तेच यंत्र. ते वाटून वापरता येत असल्याने कोणाशी स्पर्धाही नाही. राहतात त्या खऱ्या कठीण विनंत्या, जिथे अनेक यंत्रांतून एक निवडायचे आहे आणि ते दुसऱ्याला मिळू द्यायचे नाही. मागितलेली टेप आधीच एखाद्या ड्राइव्हवर चढलेली असेल तर तोच ड्राइव्ह. नसेल तर गटातल्या मोकळ्या ड्राइव्हपैकी एक. कोणता, हेही संगणककेंद्र ठरवू शकते: यादीतला पुढचा, सर्वांत लहान क्रमांकाचा, किंवा वाटेल तो. सतत लहान क्रमांकाचाच घेतला तर पहिले काही ड्राइव्ह झिजतात आणि शेवटचे धूळ खातात, म्हणून हा तपशील क्षुल्लक नाही. व्हॉल्यूम न सांगता मागितलेल्या नव्या डिस्क फाइलीसाठी कोणत्या डिस्कवर सध्या कामाचा ताण कमी आहे याचाही विचार होतो.

निर्णय झाला की जॉबच्या नोंदवहीत ओळी उमटतात: अमुक जॉबच्या अमुक स्टेपसाठी वाटप, अमुक यंत्र अमुक डीडीला दिले. टेप चढलेली नसेल तर ऑपरेटरला चढवण्याचा आदेश जातो. आज तो बहुतेक ठिकाणी यंत्रमानवाच्या हाताला जातो. प्रत्येक डीडीसाठी टायॉट नावाच्या तक्त्यात एक नोंद होते. प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा आपल्याकडचे डीडी नाव या तक्त्यात शोधले जाते, आणि तिथून यूसीबी, म्हणजे यंत्र, हाती लागते. या तक्त्याच्या आकारालाही मर्यादा असते. ३२ किलोबाइटच्या नेहमीच्या आकारात एका स्टेपला प्रत्येकी एक यंत्र घेणारे १,६३५ डीडी बसतात. स्टेप संपताच उलटा प्रवास होतो: फाइल ठेवायची, पुसायची, कॅटलॉगमध्ये नोंदवायची की पुढच्या स्टेपकडे सोपवायची ते बघून यंत्रे मोकळी केली जातात.

नावे आधी, यंत्रे नंतर, आणि तीही एकत्र: हा क्रम असाच का, याचे उत्तर वाटपातल्या सर्वांत गंभीर धोक्यात आहे. समजा, केंद्रात दोनच टेप ड्राइव्ह आहेत आणि दोन जॉबना प्रत्येकी दोन ड्राइव्ह हवे आहेत. पहिल्याने एक घेतला, दुसऱ्याने दुसरा घेतला. आता प्रत्येकाच्या हातात एक ड्राइव्ह आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडच्या ड्राइव्हची वाट पाहतो आहे. कोणीच पुढे जाणार नाही आणि कोणीच हातातले सोडणार नाही. ही कोंडी, म्हणजे डेडलॉक, यंत्र बिघडल्याने होत नाही, प्रोग्राम चुकल्यानेही होत नाही. दोन्ही जॉब निर्दोष असतात. दोष देण्याच्या पद्धतीत असतो. एका वेळी एकच जॉब चालवणाऱ्या ओएस/३६० च्या पहिल्या रूपात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. एमएफटी आणि एमव्हीटी या अनेक जॉब एकत्र चालवणाऱ्या रूपांबरोबर तो उभा राहिला.

आयबीएमचे जे. डब्ल्यू. हॅवेंडर यांनी १९६८ साली आयबीएम सिस्टिम्स जर्नलमध्ये या प्रश्नावर लेख लिहिला आणि ओएस/३६० मध्ये तो कसा सोडवला ते मांडले. तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी कोंडी होण्यासाठी चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात हे स्पष्ट केले. वस्तू एकट्यालाच वापरता येणारी हवी. हातात काही धरून आणखी काही मागण्याची मुभा हवी. दिलेली वस्तू हिसकावून घेता येऊ नये. आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्यापाशी पोचायला हवी. यातली एक अट मोडली तरी कोंडी अशक्य होते. टेप ड्राइव्हच्या बाबतीत पहिली अट मोडता येत नाही. टेप तशीच आहे. राहतात तीन, आणि हॅवेंडर यांचे तीन उपाय नेमके त्या तिन्हींवर बोट ठेवतात. लागेल ते सगळे एकदमच मागावे. मिळाले नाही तर हातातले सोडून पुन्हा मागावे. किंवा सर्व वस्तूंना एक क्रम लावून प्रत्येकाने त्याच क्रमाने मागाव्यात, म्हणजे साखळी कधीच बंद होणार नाही.

मेनफ्रेमच्या वाटपात हे तिन्ही उपाय गुंफलेले दिसतात. जॉबच्या सर्व फाइलींची नावे एकदम मागितली जातात, स्टेपची सर्व यंत्रे एकदम मागितली जातात: हा पहिला उपाय. नावे नेहमी यंत्रांच्या आधी, आणि यंत्रांचे गटसुद्धा ठरलेल्या क्रमाने: हा तिसरा. नावे आधी घेण्याचा फायदा असा की यंत्रे हातात असलेला जॉब जेसीएलमधल्या कोणत्याही फाइलच्या नावासाठी कधी थांबलेला नसतो, कारण ती नावे त्याच्याकडे सुरुवातीपासूनच असतात. याची किंमतही आहे आणि ती लहान नाही. पाच तास चालणाऱ्या जॉबला एखादी फाइल अगदी शेवटच्या स्टेपमध्ये हवी असली तरी ती पाच तास त्याच्या नावावर अडकून राहते आणि इतरांना थांबावे लागते. रात्रीच्या वेळापत्रकात जॉब एकमेकांना अडवतात त्यातल्या बऱ्याच प्रसंगांचे मूळ या नियमात असते. तरीही सौदा योग्यच आहे. उशीर झालेला जॉब उशिरा का होईना संपतो; कोंडीत सापडलेला जॉब कोणीतरी मारल्याशिवाय सुटत नाही.

दुसऱ्या उपायाची गरज पडते ती यंत्रे कमी पडल्यावर. स्टेपने चार ड्राइव्ह मागितले, तीन मिळाले, चौथा कुठेच मोकळा नाही. अशा वेळी वाटप पुनर्प्राप्तीच्या टप्प्यात जाते आणि कन्सोलवर आयईएफ२३८डी या क्रमांकाचा संदेश येतो. त्यात ऑपरेटरपुढे पर्याय असतात: एखादे यंत्र ऑफलाइन पडले असेल तर त्याचे नाव सांगावे म्हणजे ते ऑनलाइन आणून दिले जाईल, किंवा जॉब रद्द करावा, किंवा थांबायला सांगावे. थांबायला सांगितले की काही वेळा पुढचा प्रश्न येतो, आणि तो या साऱ्या विषयाचा कळीचा प्रश्न आहे: होल्ड की नोहोल्ड? होल्ड म्हटले तर मिळालेले तीन ड्राइव्ह धरून जॉब चौथ्याची वाट पाहतो. नोहोल्ड म्हटले तर तिन्ही सोडून तो पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतो. होल्ड दिल्याने जॉबला लवकर संधी मिळते खरी, पण दोन जॉबना असे उत्तर दिले गेले तर हॅवेंडर यांनी टाळलेली कोंडी माणसाच्या हातून परत येऊ शकते. म्हणून शंका असेल तेव्हा नोहोल्ड. मध्यरात्री ऑपरेटरवर हा निर्णय टाकण्याऐवजी थांबायचे की रद्द करायचे, धरून थांबायचे की सोडून, हे धोरण अ‍ॅलॉक नावाच्या मापदंड-फाइलीत आधीच लिहून ठेवता येते आणि ते ठेवणेच शहाणपणाचे.

स्टेप सुरू होण्यापूर्वीच सगळे मागायचे, हा नियम काही कामांना मुळातच लागू पडत नाही. टीएसओ या संवादी सोयीवर बसलेला माणूस पुढच्या मिनिटाला कोणती फाइल उघडेल हे त्यालाही माहीत नसते. सीआयसीएस किंवा डीबी-टू यांसारखे कार्यक्रम महिनोन्‌महिने चालू राहतात आणि वाटेत नव्या फाइली मागतात. यांच्यासाठी चालू असतानाच वाटप मागण्याची सोय आहे. ती एसव्हीसी ९९ या सूचनेने मिळते. इथे हातात काही धरून आणखी मागण्याची मुभा द्यावीच लागते, म्हणून सावधगिरी दुसऱ्या बाजूने घेतलेली आहे: फाइल दुसऱ्याकडे असेल तर साध्या प्रोग्रामला थांबू दिले जात नाही, विनंती नाकारली गेल्याचा संकेत तत्काळ परत येतो. थांबण्याचा अधिकार फक्त विशेष परवानगी असलेल्या प्रोग्रामांना. वाट पाहणाराच नसेल तर वाट पाहणाऱ्यांची साखळी होणार कशी, हा त्यामागचा साधा आणि पक्का विचार.

जेईएसच्या दोन रूपांपैकी जेईएस३ ने वेगळाच मार्ग धरला होता. जेईएस२ या दुसऱ्या रूपात जॉब इनिशिएटरच्या हाती आल्यावर यंत्रांचा विचार सुरू होतो. जेईएस३ मध्ये जॉब सुरू होण्याआधीच त्याला लागणारी यंत्रे आणि टेपा यांचा हिशेब होई, टेपा चढवून घेतल्या जात, आणि सर्व जमल्यावरच जॉब पुढे सोडला जाई. एकमेकांना जोडलेल्या अनेक संगणकांवरच्या यंत्रांचा हिशेब एकच ग्लोबल संगणक ठेवी. शेकडो टेपा हाताने चढवण्याच्या काळात ही पद्धत फार मोलाची होती, कारण चालू जॉब टेपेची वाट बघत स्मृती अडवून बसत नसे. टेपांची चढउतार यंत्रमानवाकडे गेल्यावर तिची निकड ओसरली आणि झेड-ओएस ३.१ पासून आयबीएमने जेईएस३ देणे थांबवले.

प्रिंटर आणि कार्डवाचक यांचा प्रश्न मात्र स्पूलने कधीच मिटवला होता. प्रिंटर एका वेळी एकाचाच. तासभर थोडे थोडे छापणारा जॉब तो तासभर अडवून ठेवील. म्हणून छापण्याचा मजकूर आधी डिस्कवरच्या स्पूल या समाईक जागेत जातो आणि जॉब संपल्यावर जेईएस तो प्रिंटरकडे धाडतो. जॉबला वाटते आपण प्रिंटरवर लिहिले, त्याला खरा प्रिंटर दिलेलाच नसतो. जेईएस२ चा पूर्वज असलेला हास्प हा कार्यक्रम याच कामासाठी ह्यूस्टनमध्ये तयार झाला होता.

टेपच्या बाबतीत हीच युक्ती बरीच उशिरा आली. १९९७ च्या सुमारास आभासी टेप बाजारात आली. तिच्यात ड्राइव्ह आणि कार्ट्रिज दोन्ही खोटी. माहिती डिस्कवर जाते आणि सवडीने खऱ्या कार्ट्रिजवर उतरवली जाते, किंवा उतरवलीच जात नाही. आयबीएमच्या टीएस७७०० या मालिकेतला एक संच सुरुवातीपासूनच २५६ ड्राइव्ह असल्याचे भासवू शकत होता. वाटपाच्या लेखी मात्र हे सारे साधे टेप ड्राइव्हच. यूसीबी आहे, क्रमांक आहे, एका वेळी एकच जॉब आहे, चढवण्याचा संदेशही निघतो. १९७० च्या दशकात लिहिलेला, टेप वाचणारा कोबोल प्रोग्राम आज टेपेचा तुकडाही नसलेल्या केंद्रात चालतो तो यामुळे. आणि ड्राइव्ह स्वस्तात शेकड्याने मिळू लागल्यामुळे होल्ड-नोहोल्डचा प्रसंगही विरळा झाला.

डिस्कच्या बाबतीत १९८० च्या दशकाअखेरीस आलेल्या एसएमएस या व्यवस्थेने आणखी एक पाऊल टाकले. जेसीएल लिहिणाऱ्याने यंत्रही सांगायचे नाही आणि व्हॉल्यूमही नाही. फाइलीचे नाव, मालक, आकार बघून केंद्राने लिहिलेले नियम तिला एका साठवण-गटात टाकतात आणि त्या गटातला व्हॉल्यूम प्रणाली निवडते. कोणी हट्टाने जुना यूनिट किंवा व्हॉल्यूम लिहून ठेवला असला तरी नियम त्याकडे दुर्लक्ष करू शकतात. वर्षानुवर्षे न बदललेल्या जेसीएलमधली जुन्या डिस्कची नावे त्यामुळे निरुपद्रवी होऊन तशीच पडून राहतात.

एका संगणकाऐवजी अनेक असले की वाटपाला शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. १९९० मध्ये आलेल्या सिस्प्लेक्स रचनेत ३२ पर्यंत प्रणाली एकत्र काम करू शकतात. डिस्क सर्वांना दिसतात. फाइलींच्या नावांवरचे हक्क जीआरएस हा घटक सर्व प्रणालींना कळवतो, त्यामुळे एका संगणकावरच्या जॉबने अडवलेली फाइल दुसऱ्यावरचा जॉब बिनदिक्कत लिहू शकत नाही. जीआरएस नसताना यासाठी रिझर्व्ह ही हार्डवेअरची सूचना वापरावी लागे आणि तिने एका फाइलीसाठी अख्खी डिस्क इतर संगणकांना बंद होई. टेप ड्राइव्ह मात्र एका वेळी एकाच प्रणालीकडे असावा लागतो. पूर्वी ऑपरेटर एका संगणकावर तो ऑफलाइन करून दुसऱ्यावर ऑनलाइन आणत. पुढे ऑटोस्विच सोयीमुळे ड्राइव्ह सर्वांकडे ऑनलाइन राहतो आणि ज्या प्रणालीचे वाटप तो आधी मिळवते तिचा होतो.

सर्वांत अलीकडचे वळण आहे ते डिस्कच्या आत. वाटून वापरता येणारी डिस्कसुद्धा एका क्षणी पूर्णपणे सामायिक नव्हती: एका यूसीबीवर एका वेळी एकच वाचन-लेखन चालू शकते, बाकीच्यांना त्या यूसीबीच्या रांगेत थांबावे लागते. डिस्क म्हणजे खरोखर एकच फिरणारी तबकडी होती तोवर हे रास्त होते. पण आधुनिक साठवण-यंत्रात एका ३३९० चे तुकडे अनेक तबकड्यांवर आणि वेगवान स्मृतीत विखुरलेले असतात. ३३९० हा आता केवळ एक समज आहे. म्हणून १९९९ च्या सुमारास पीएव्ही ही सोय आली. तिच्यात मूळ यूसीबीला जोड म्हणून उपनावाचे यूसीबी मिळतात आणि त्याच डिस्कवर अनेक कामे एकदम चालतात. सुरुवातीला ही उपनावे ठरावीक डिस्कना बांधलेली असत. हायपरपीएव्ही आल्यावर ती एका समाईक साठ्यात ठेवली जाऊ लागली. एखाद्या डिस्कचा मूळ यूसीबी व्यस्त असेल तर त्या एका वाचनापुरते उपनाव घेतले जाते आणि वाचन संपताच साठ्यात परत जाते. जॉबला ही उपनावे मागता येत नाहीत, डीडी स्टेटमेंटमध्ये लिहिता येत नाहीत, वाटपाच्या संदेशांत ती दिसत नाहीत. स्टेपला मिळालेले यंत्र स्टेप संपेपर्यंत तेच राहते. त्या यंत्रापर्यंत जाणारा यूसीबी मात्र प्रत्येक वाचनाला वेगळा असू शकतो.